‘लपाछपी’ : उसाच्या फडात राहून गेलेला भयपट

१४ जुलै २०१७ या शुक्रवारी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत अनुराग बसू यांचा ‘जग्गा जासूस’ लागला. रणबीर कपूर, कतरिना कैफ, मोठा खर्च आणि त्याहून मोठी जाहिरात असा तो थाट होता. त्याच दिवशी ‘लपाछपी’ नावाचा एक मराठी भयपटही प्रदर्शित झाला. दिग्दर्शक विशाल फुरिया यांचे नाव तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. नायिका पूजा सावंत प्रेक्षकांना ‘क्षणभर विश्रांती’ आणि ‘दगडी चाळ’मुळे परिचित होती, पण भयपटाशी तिचे नाव कोणी जोडले नसते. शिवाय मराठी भयपट म्हटले की जाणता प्रेक्षक आधीच थोडा हसण्याच्या तयारीत बसतो. अशा परिस्थितीत या चित्रपटाकडून फारशी अपेक्षा कोणी ठेवली नाही, यात नवल नव्हते.

चार वर्षांनी फुरिया यांनीच ही कथा हिंदीत ‘छोरी’ या नावाने पुन्हा चित्रित केली. नुसरत भरुचा आणि मीता वसिष्ठ यांचा हा चित्रपट २६ नोव्हेंबर २०२१ रोजी अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला आणि भारताबाहेरच्या घराघरांत पोचला. अल नहदाच्या दुबईकडील किंवा शारजाकडील एखाद्या इमारतीत आठवड्याअखेरीस चार मराठी कुटुंबे जमली आणि विषय भयपटांवर आला, तर ‘छोरी’ पाहिलेले बरेच निघतात. तिचे मूळ मराठी आहे हे ठाऊक असणारे थोडे, आणि ते मूळ पाहिलेले त्याहून थोडे. प्रस्तुत लेख त्या मुळाविषयी आहे.

कथेची मांडणी

कथेचा आरंभ कर्जातून होतो. तुषार (विक्रम गायकवाड) याच्यामागे पैशासाठी माणसे लागली आहेत. त्याची पत्नी नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गर्भवती आहे. शहरात राहणे धोक्याचे झाल्यावर त्यांचा चालक भाऊराव (अनिल गवस) त्यांना आपल्या गावाकडच्या घरी नेतो. हे घर वस्तीपासून दूर, चहूबाजूंनी उसाने वेढलेले आहे. घरात भाऊरावांची पत्नी तुळसाबाई (उषा नाईक) आहे. नेहाला लहान मुलांचे आवाज ऐकू येऊ लागतात. फडाच्या कडेला मुले लपाछपी खेळताना दिसतात. पुढे एक बाई दिसते. यापलीकडची कथा येथे सांगत नाही. ज्यांनी ‘छोरी’ पाहिली आहे त्यांना ती बरीचशी ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांचा आनंद हिरावण्याचे कारण नाही. चित्रपट स्त्रीभ्रूणहत्येविषयी आणि मुलींच्या हत्येविषयी आहे, एवढे मात्र सांगावेच लागेल, कारण पुढचे विवेचन त्यावाचून उभे राहत नाही.

सर्वसाधारणपणे ‘लपाछपी’ला भूतपट म्हटले जाते आणि ते चूक नाही. पण त्याचा सांगाडा भूतपटाचा कमी आणि ज्याला जगभर ‘स्लॅशर’ म्हणतात त्या प्रकाराचा अधिक आहे, असे माझे मत आहे. हा चित्रपट अपेक्षेपेक्षा इतका सरस का निघाला, याचे उत्तरही मला त्या सांगाड्यातच सापडते.

स्लॅशर म्हणजे काय

स्लॅशर म्हणजे एकामागून एक माणसे हेरून धारदार शस्त्राने मारणाऱ्या खुन्याची कथा, अशी ढोबळ व्याख्या करता येते. तिच्यात काही गोष्टी ठरलेल्या असतात : जगापासून तुटलेली जागा, त्या जागेत पूर्वी घडलेला आणि दडपला गेलेला एखादा गुन्हा, त्या गुन्ह्यातून जन्मलेला पाठलाग, आणि अखेरीस स्वतःच्या हिमतीवर तगून राहणारी एक स्त्री. अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात या स्त्रीला ‘फायनल गर्ल’, म्हणजे अखेरची मुलगी, असे नाव दिले आणि ते समीक्षेत रुळले. खरे पाहता हा सारा मोठ्यांनी खेळलेला लपाछपीचाच डाव असतो. एकावर राज्य असते, बाकीचे लपतात, आणि जो सापडतो तो खेळातून कायमचा जातो. फुरिया यांनी चित्रपटाचे नाव ठरवताना हा विचार केला होता की नाही, हे सांगता येत नाही; नाव मात्र अचूक बसले आहे.

या प्रकाराचा आणि अल्प खर्चाचा संबंध जुना आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘सायको’ (१९६०) आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून, कृष्णधवल रंगात, सुमारे ८ लाख डॉलरमध्ये केला. टोबी हूपर यांचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ (१९७४) याहून कितीतरी स्वस्त, साधारण १ लाख ४० हजार डॉलरचा. १९७३ च्या टेक्सासमधील कडक उन्हाळ्यात बंद घरात, खऱ्या हाडांच्या दुर्गंधीत त्याचे चित्रण झाले. जेवणाच्या टेबलावरचा प्रसिद्ध प्रसंग सलग चोवीस तासांहून अधिक वेळ चित्रित होत राहिला, आणि नटांच्या चेहऱ्यांवरचा त्रास बहुतांशी खराच होता. एवढे भयानक नाव धारण करणाऱ्या त्या चित्रपटात पडद्यावर रक्त फारच थोडे दिसते, ही गोष्ट तो न पाहता त्याला नावे ठेवणाऱ्यांना सहसा माहीत नसते.

जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) सुमारे ३ लाख डॉलरमध्ये झाला. कथा इलिनॉयमधील शरद ऋतूतली आणि चित्रण कॅलिफोर्नियात, वसंतात. त्यामुळे पानगळीची पाने रंगवून आणली गेली, आणि प्रत्येक दृश्यानंतर ती गोळा करून पुढच्या दृश्यात पुन्हा पसरली गेली. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा बाजारी मुखवटा, पांढरा रंग फासून. संगीत कार्पेंटर यांनी स्वतःच दिले. या चित्रपटाने पुढे जगभरात सुमारे ७ कोटी डॉलर मिळवले, आणि स्वस्त भयपट काढणाऱ्यांची एकच झुंबड उडाली. त्या झुंबडीतले बहुतेक चित्रपट टाकाऊ होते.

कमी पैशामुळे चित्रपट आपोआप चांगला होत नाही. तसे असते तर मराठीत दर महिन्याला एक अभिजात भयपट निघाला असता. पैसा नसला की दिग्दर्शकाला एका जागेवर, चारपाच चेहऱ्यांवर आणि एका भीतीवर विसंबून राहावे लागते. ती जागा आणि ती भीती त्याच्या ओळखीची असेल तर चित्रपट तरतो, नसेल तर बुडतो.

हूपर अमिरातीत आले तेव्हा

येथे थोडे वळण घेतो, कारण ते आपल्या अंगणातले आहे. टोबी हूपर यांनी आपला शेवटचा चित्रपट याच देशात केला, हे अल नहदातून रोज शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्यावर गाडी घालणाऱ्या अनेकांना ठाऊक नसेल. ‘जिन’ हा तो चित्रपट. अबुधाबीच्या ‘इमेज नेशन’ने तो निर्माण केला. त्याचे चित्रण २०११ मध्ये झाले आणि पहिले प्रदर्शन २०१३ च्या अबुधाबी चित्रपट महोत्सवात. भाषा अरबी आणि इंग्रजी. हूपर २६ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे ‘लपाछपी’ प्रदर्शित झाल्यानंतर सहा आठवड्यांनी, निवर्तले.

‘जिन’ची कथा वाचली की ‘लपाछपी’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणारे एक अमिराती जोडपे तान्हे मूल गमावते आणि मायदेशी परतते. त्यांना मिळते ती सदनिका एका नव्या उत्तुंग इमारतीत, आणि ती इमारत उभी असते एका ओसाड कोळीवाड्याच्या जागेवर. मूल हरवलेली आई, परके घर, जमिनीखाली दडलेला भूतकाळ. सगळे साहित्य हाताशी होते. जोडीला जगातल्या स्लॅशरपटांच्या एका जनकाचा हात होता आणि पाठीशी सधन संस्था होती.

तरीही चित्रपट फसला. धुके, लांबलचक दालने, अचानक बंद होणारे दिवे असे सारे त्यात आहे. फक्त ती इमारत कोणत्याही शहरातली वाटते. कथेला आधार म्हणून घेतलेले रास अल खैमातील अल जझीरा अल हमरा हे गाव मात्र प्रत्यक्षात जाऊन पाहण्यासारखे आहे. अल नहदातून गाडीने साधारण तासाभराचे अंतर. प्रवाळाच्या दगडांची घरे, जुनी मशीद, रिकामे वाडे. मोत्यांच्या व्यापारावर जगणाऱ्या झाब जमातीचे हे गाव १९६० च्या दशकाच्या अखेरीस रिकामे झाले आणि तेथील कुटुंबे अन्यत्र, बरीचशी अबुधाबीला, गेली. संध्याकाळी तेथे वीस मिनिटे उभे राहिले तरी जे जाणवते ते हूपर यांच्या चित्रपटात शोधूनही सापडत नाही. टेक्सासचा उन्हाळा त्यांचा स्वतःचा होता. हे गाव त्यांना कोणीतरी दाखवले होते.

आपण राहतो त्या इमारतींविषयीही येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अल नहदाच्या मनोऱ्यांत भुताच्या गोष्टी रुजत नाहीत. भूत व्हायला भूतकाळ लागतो, आणि दर दोनतीन वर्षांनी भाडेकरार बदलणाऱ्या वस्तीत तो साचत नाही. कोणाची आजी त्या खोलीत गेलेली नसते, कोणाची विहीर बुजवलेली नसते. आपली भुते आपण गावाकडच्या घरातच ठेवून आलो आहोत, म्हणूनच ‘लपाछपी’ इथे बसून पाहताना थोडी अधिक बोचते.

ऊस, तुळसाबाई आणि न पळू शकणारी नायिका

‘लपाछपी’ला पाने रंगवावी लागली नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात ज्याने बालपण काढले त्याला उसाच्या फडाची भीती समजावून सांगावी लागत नाही. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो आणि माणसाच्या दुप्पट उंचीचा होतो. दोन सऱ्या आत गेले की हातभर अंतरापलीकडचे दिसत नाही. पानांच्या कडा कातडीवर बारीक चिरा काढतात. वारा नसतानाही पाचट कुठेतरी कुरकुरते. बाहेरून पाहिले तर तोच फड समृद्धीचे चिन्ह असतो : कारखाना, पतसंस्था, नवा ट्रॅक्टर, निवडणूक, सगळे त्याच्यावरच चालते. फुरिया यांनी हा दुहेरीपणा हेरला. चित्रपटातील बरीच भीती भर उन्हात घडते, आणि हिरवा रंग इतका गुदमरवू शकतो हे मराठी पडद्यावर मी यापूर्वी पाहिले नव्हते.

नायिकेची निवड याहूनही धाडसी आहे. स्लॅशरमधील अखेरची मुलगी पळते. पाठलाग हाच त्या प्रकाराचा प्राण असतो. नेहा आठ महिन्यांची गर्भवती आहे. ती पळू शकत नाही, खाली वाकू शकत नाही, पटकन वळूही शकत नाही. प्रत्येक पाऊल दोघांचे आहे. पूजा सावंत हिने हे अवघडलेपण शरीरातून उभे केले आहे : उठताना टेकलेला हात, जिना चढताना अडकलेला श्वास, पोटावर नकळत जाणारा तळवा. किंचाळण्यापेक्षा या साध्या हालचालींनी भीती अधिक वाढते. हिंदी आवृत्तीत नुसरत भरुचानेही मेहनत घेतली आहे, पण मूळातली शारीरिक अचूकता मला तेथे तेवढी आढळली नाही.

आणि मग तुळसाबाई. उषा नाईक यांनी मराठी चित्रपटात दशकानुदशके कामे केली. लावणीपासून ग्रामीण खाष्टपणापर्यंत सर्व काही केले. श्रीहरी साठे यांच्या ‘एक हजाराची नोट’मध्ये (२०१४) त्यांनी साकारलेली एकाकी म्हातारी ज्यांनी पाहिली असेल त्यांना त्यांचा आवाका माहीत आहे. येथे त्या एकाच वेळी माया आणि धाक दोन्ही वागवतात. त्यांच्या बोलण्यात गावाकडची काळजी आहे, आणि त्या काळजीत एक न दिसणारी गाठ आहे. या बाईवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न चित्रपट बराच वेळ उघडा ठेवतो. ‘हॅलोवीन’मधला खुनी मुखवट्यामागे चेहरा लपवतो. येथे चेहरा उघडा आहे, ओळखीचा आहे, आणि डोक्यावर पदर आहे.

परदेशातल्या मराठी वाचकाला हे का भिडावे, याचे एक घरगुती कारण आहे. आपल्याकडे बाळंतपण आले की गावाकडून कोणीतरी वडीलधारी बाई बोलावली जाते. आई, सासू, मावशी, काकू. तिचा व्हिसा, तिचे विमान, तिच्या पिशवीतले डिंक आणि अळीव यांची तयारी तीनतीन महिने आधीपासून चालते. आपल्या संस्कृतीत गर्भवतीने ज्या हातांवर डोळे मिटून विसंबावे, ते हे हात. ‘लपाछपी’ नेमक्या त्या हातांकडे बोट दाखवते.

म्हैसाळ, मार्च २०१७

चित्रपट पडद्यावर येण्याच्या चार महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात म्हैसाळ येथे ओढ्याजवळ पोलिसांनी जमीन खणली आणि १९ भ्रूण सापडले. बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर हा तपास सुरू झाला होता. चित्रपट त्याआधीच तयार झालेला होता, त्यामुळे ही घटना त्याची प्रेरणा नव्हे. पण ऊसपट्ट्यातील जमिनीखाली काय दडलेले असते, याची चित्रपटकर्त्यांनी केलेली कल्पना आणि वर्तमानपत्राची बातमी यांत त्या उन्हाळ्यात फारसे अंतर उरले नाही.

आकडे या बातमीहून जुने आहेत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये हाच आकडा ८०७ होता. विशेष म्हणजे गर्भलिंगनिदानावर निर्बंध आणणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये दुरुस्तीने कडक झाला. देशाच्या आधी कायदा करणाऱ्या राज्यातच पुढली वीसबावीस वर्षे मुली घटत राहिल्या.

अल नहदातील कोणत्याही प्रसूतितज्ज्ञाकडे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला गेले की डॉक्टर सहजपणे विचारतात, मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचे आहे का? भारतात हेच सांगणे गुन्हा आहे, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला. इथे मात्र ते वाक्य ऐकून जोडपी केक कापतात, फुगे फोडतात. मग गावाकडून दूरध्वनी येतो. “काय सांगितलं डॉक्टरांनी?” हा प्रश्न विचारणाऱ्या आवाजात केवळ कुतूहल आहे की आणखी काही, हे ओळखण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना तुळसाबाई परकी वाटणार नाही. शिक्षण, पगार आणि परदेशातला पत्ता यांनी ही गाठ सुटते असा आपला समज आहे. तो तपासून पाहायला हरकत नसावी.

उणिवा आणि नंतरची वाटचाल

चित्रपट निर्दोष नाही. उत्तरार्धात पूर्वकथा उलगडू लागते तेव्हा गती मंदावते, आणि पूर्वार्धात जे सूचकतेने कळत होते ते तेथे शब्दांत सांगितले जाते. काही ठिकाणी पार्श्वसंगीत प्रेक्षकाच्या आधीच दचकते. आशय पोचला की नाही याची दिग्दर्शकाला वाटणारी काळजी शेवटाकडे स्पष्ट दिसते. एवढी चांगली मांडणी केल्यावर ती वाटायला नको होती.

मराठी भयपरंपरेत त्याची जागा मात्र पक्की आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला दर्जेदार भयकथेची सवय लावली, पण पडद्याने ती फारशी पाळली नाही. वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आठवतो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेला, त्यातला बाहुला रक्तपिपासू असला तरी रामदास पाध्ये यांच्या करामतीमुळे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यामुळे तो आबालवृद्धांचा लाडका झाला, आणि भय बाजूला राहून हसूच उरले. ‘लपाछपी’त हसण्याला जागा नाही.

फुरिया यांनी त्यानंतर स्वप्नील जोशी यांना घेऊन ‘बळी’ (२०२१) केला. ‘छोरी २’ एप्रिल २०२५ मध्ये आला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये काजोल यांच्या ‘माँ’चे दिग्दर्शनही त्यांनीच केले. खर्च वाढत गेला, नटमंडळी मोठी होत गेली, आई आणि धोक्यातले मूल हा विषय मात्र कायम राहिला. यांपैकी एकच पाहायचा असेल तर पहिला पाहावा, आणि ‘छोरी’ पाहिली असली तरी पाहावा. उसातली मराठी बोली हिंदीत गेल्यावर तुळसाबाईच्या मायेतला आपलेपणा पातळ होतो, आणि भीती त्या आपलेपणाचीच आहे. ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे त्यांनी तो बाळ झाल्यानंतर पाहावा. पाहताना गावाकडून आलेल्या आजी शेजारी बसल्या असतील तर त्यांनाही उठवू नये.